ताण आधी, पाणी मग

मी अमरावतीच्या एका कॉलेजात क्वांटम मेकॅनिक्स शिकवतो. हे वाक्य मी साक्षगंधात, मयतीत, एसटीच्या रांगेत कुठंही म्हटलं, की समोरचा माणूस क्षणभर आदरानं पाहतो आणि मग विचारतो, "म्हणजे मोबाइल दुरुस्त करता काय?" पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही, कारण मोबाइल दुरुस्त करता आला असता तर घरात माझी थोडी तरी किंमत राहिली असती.

घर म्हणजे दीपमाला, माझी बायको. खरं तर ही तिचीच गोष्ट आहे. मी मधे मधे येतो तो नुकसान करायला. तिचे वडील मोतीरामजी पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यभर लोकांच्या शेतात पाणी जाताना पाहिलं, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोर्शीजवळ तीन एकर घेतले आणि संत्र्याची कलमं लावली. त्यांच्यामागे धाकटी मुलगी भावना अकोल्याला बँकेत रमली आणि बगीचा थोरलीकडे आला. आमच्याकडे बाग म्हणत नाहीत, बगीचाच म्हणतात. वीस वर्षांहून जास्त काळ दीपमाला अमरावतीहून मोर्शीच्या एसटीत बसते, बगीचा पाहते आणि संध्याकाळी परत येऊन मला विचारते, "जेवले काय?" मी जेवलेलो नसतो. वाढून घेणं हे मला हार्मोनिक ऑसिलेटरपेक्षा अवघड जातं.

ती बोलायला कडक. कौतुक करणं तिला जमत नाही. मला पीएच.डी. मिळाली त्या दिवशी ती म्हणाली, "झालं एकदाचं. आता माळ्यावरचे कागद रद्दीत द्याले मोकळे." पण चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत मी भाषण करायला उभा राहिलो की ती पुढच्या रांगेत बसते आणि भाषण लांबलं की पदरानं वारा घेते. तो वारा सुरू झाला की मी आवरतं घेतो.

तर तिचे गुडघे. दोन्ही गेले होते. एसटीची पायरी चढताना ती दांडी धरून स्वतःला वर ओढायची आणि मागचे लोक "चला बाई, चला" करायचे. डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं होतं की दोन्ही बदलावे लागतील, आणि अजून उशीर केला तर पाय वाकडे होतील, मग बदलूनही पहिल्यासारखं चालता येणार नाही. मी तारीख घेऊ म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"आधी बहार, मंग गुडघे."

बहार झाला की तोडणी, तोडणी झाली की पुन्हा ताण, ताण झाला की पुन्हा बहार. गुडघ्यांचा नंबर काही लागत नव्हता.

"मी पाहतो ना बगीचा," मी एकदा म्हटलं.

"तुमी?" ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली. त्या एका शब्दात माझी सगळी नोकरी, पदव्या आणि संशोधन येऊन गेलं.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल सांगावं लागेल, कारण माझी फजिती तिथूनच निघते. क्वांटमच्या पायाशी एक साधी पण डोकं उठवणारी गोष्ट आहे. आपण समजतो की कण कुठं आहे हा एक आकडा आणि त्याचा संवेग हा दुसरा आकडा. आकड्यांचा गुणाकार कसाही करा, तीन चोक बारा आणि चार त्रिकही बाराच. पण इथं त्या जागी आकडे नसतातच. असतात ते ऑपरेटर, म्हणजे कणाच्या अवस्थेवर करायच्या क्रिया. आणि क्रियांमध्ये कोणती आधी आणि कोणती नंतर, यानं फरक पडतो. एकदा हा क्रम, एकदा तो क्रम, आणि दोन्हींची वजाबाकी केली तर शून्य येत नाही. फार बारीक काहीतरी उरतं. पण उरतं. त्या बारीक उरण्यातून पुढची सगळी अनिश्चितता जन्माला येते. तुम्ही यंत्र कितीही भारी आणा, ती जात नाही, कारण दोष यंत्राचा नाहीच. जागा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी पक्के असतील अशी अवस्थाच त्या गणितात सापडत नाही.

हे समजवायला पुस्तकात उदाहरण असतं मोजे आणि बुटांचं. आधी मोजे मग बूट घातले तर माणूस ऑफिसात जातो, आधी बूट मग मोजे घातले तर लोक हसतात. माझ्या वर्गात अर्धी पोरं चपला घालून येतात. मी बूट-मोजे सांगू लागलो की ती एकमेकांच्या पायांकडे पाहायची. म्हणून मी स्वतःचं उदाहरण काढलं, संत्र्याचं.

आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड अगदी रुसल्यासारखं दिसतं. मग जानेवारीत पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी पांढरं होतं. आधी ताण मग पाणी, तर फुलं. क्रम बिघडला, ताण पुरा होण्याआधीच पाणी गेलं, तर फुलं नाहीत, नुसती नवती. नवती म्हणजे कोवळी पालवी. दिसायला छान, खायला काही नाही. मी फळ्यावर ताण आणि पाणी यांची अक्षरं लिहून उलटसुलट गुणायचो आणि खाली मोठ्यानं लिहायचो, शून्य नाही. गणितात उजवीकडचा ऑपरेटर आधी लागतो, हे मी दरवर्षी फळ्यावर विसरतो आणि पोरंच "सर, उलटं झालं" म्हणून ओरडतात. झाड म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे आणि हे उदाहरण थोडं अंतर चालून लंगडायला लागतं, हेही मी सांगायचो. पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. उदाहरण मात्र विद्यापीठात गाजलं. दुसऱ्या कॉलेजांतले लोक फोन करून विचारायचे, "ते तुमचं संत्र्याचं वापरलं तर चालेल काय?" मी मोठ्या मनानं परवानगी द्यायचो.

गेल्या डिसेंबरात भावनाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं, अकोल्याला. ताण अर्ध्यावर आला होता. दीपमालाला आठवडाभर जायचं होतं. मी संधी साधली.

"तू जा," मी म्हटलं. "कॉलेजले सुट्ट्या हायेत. मी बगीच्यातल्या खोलीत राहतो. ताण माझ्या हातून नीट पार पडला तर तू ऑपरेशनची तारीख घ्यायची. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. तिनं इतक्या लवकर कबूल केलं म्हणून मीच घाबरलो.

"काय काय कराचं ते सांग."

"काहीच नाई कराचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाई. सकाळी एक चक्कर मारा, संध्याकाळी एक चक्कर मारा. झाडाईले हात लावू नका. मोटरकडं तं पाहूच नका."

"एवढंच?"

"तुमाले एवढंच जड जाईन," ती म्हणाली आणि अकोल्याच्या गाडीत बसली.

पहिले दोन दिवस मी काहीच केलं नाही, आणि ते अगदी उत्तम पार पाडलं. तिसऱ्या दिवशी मला अभ्यासाची हुक्की आली. ताण किती बसला हे मोजलं पाहिजे, असं वाटायला लागलं. मी एका झाडाच्या बुंध्याजवळ माती उकरून पाहिली. कोरडी होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्या झाडाची उकरली. शेजारचे केशवराव बांधावरून पाहत होते. सत्तरी पार केलेले गृहस्थ, त्यांची नात पौर्णिमा माझ्याच वर्गात.

"सर, काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. ओल पाहून राहिलो."

"ताणात ओल कशी सापडन?" ते म्हणाले. मी हसलो आणि खड्डा बुजवला.

दुपारी मात्र झाडं पाहवेनात. पानं गुंडाळून गेली होती. खोलीच्या दारातून पाहिलं की एकेक झाड माझ्याकडे तोंड करून उभं आहे असं वाटायचं. मी मायाळू माणूस आहे, घरात याचा कधीच उपयोग झाला नाही, पण आहे. आणि त्यात शिकलेला. नुसत्या मायेनं जेवढं नुकसान होत नाही तेवढं शिकलेल्या मायेनं होतं. कारण मला लगेच सिद्धांत आठवला. क्वांटममध्ये एक प्रकरण आहे, अवघड गणित सुटत नसेल तर सोप्या गणितात किंचित ढवळाढवळ करून उत्तर काढायचं. ढवळाढवळ किंचित असली की उत्तरही किंचितच बदलतं. मी म्हटलं, थोडं पाणी दिलं तर काय होणार? बहार किंचित कमी येईल. झाडाचा जीव तर शांत होईल.

मी मोटरचं बटण दाबलं.

ठरलं होतं फक्त पहिल्या ओळीला द्यायचं. पण पहिल्या ओळीला दिलं आणि दुसरीला नाही, हे मला बरोबर वाटेना. ज्या माणसानं दरवर्षी एप्रिलमध्ये समतेवर भाषण केलं, त्यानं झाडांत भेद कसा करायचा? दुसरीला दिलं. मग तिसरी राहिली. संध्याकाळ होईपर्यंत सगळा बगीचा पिऊन तृप्त झाला होता आणि मीही. सकाळी पाहिलं तर पानं ताठ, हिरवीगार. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढला आणि दीपमालाला पाठवला. खाली लिहिलं, "झाडं खूश."

तिचं उत्तर यायला बराच वेळ लागला. "बरं," एवढंच आलं. मी त्यात कौतुक वाचलं.

केशवराव आले तेव्हा त्यांनी पायानंच माती दाबून पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडे हे माणूस गेल्यावर करतात.

"सर," ते म्हणाले, "पोराईले तुमीच शिकवता ना हे? माही नात घरी सांगत व्हती."

"थोडंच दिलं हो," मी म्हटलं.

"थोडं आन लय, झाडाले सारखंच. त्याले वाटलं दिवस पालटले. आता फुटन नवती. पुन्हा ताण द्यायले दिवस बी नाई उरले."

तेव्हा मला पुढचं आठवलं. त्याच प्रकरणाचा दुसरा भाग असतो. अवस्था काठावर असेल, दोन शक्यता अगदी बरोबरीच्या असतील, तर तिथं किंचित ढवळाढवळ किंचित राहत नाही. इवल्याशा धक्क्यानं सगळंच एका बाजूला जातं. हा भाग मी दरवर्षी वेळ नाही म्हणून सोडून देतो. पोरांना सांगतो, परीक्षेला येत नाही.

दीपमाला परत आली तेव्हा मी एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. ती दांडी धरून एकेक पायरी उतरली. बहाराचं जाऊ द्या, मी तिचे गुडघे बुडवले होते. आता ती म्हणणार, तुमच्या भरोशावर एक आठवडा सोडला तर हे, महिनाभर कशी खाटेवर पडू? आणि तिचं बरोबरच असणार होतं. पण ती बगीच्यात गेली, फांद्यांचे शेंडे पाहिले, आणि काहीच बोलली नाही. घरी आल्यावर विचारलं, "जेवले काय?" ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

जानेवारीत कॉलेज सुरू झालं आणि नेमकं ऑपरेटरचं प्रकरण आलं. मी मुकाट्यानं बूट-मोजे सांगायला लागलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, संत्र्याचं सांगा ना." मी म्हटलं, यंदा नको. पौर्णिमा खाली मान घालून बसली होती, पण तिच्या खांद्यांवरून ती हसत होती हे कळत होतं. मग दुसरा म्हणाला, "सर, तुमच्या बगीच्यात नवती निघाली म्हणे. म्हणजे प्रॅक्टिकल करून पाहिलं काय?" सगळा वर्ग फुटला. मीही हसलो, दुसरं काय करणार? फळ्याकडे वळून खडू शोधत राहिलो. खडू हातातच होता.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दीपमाला भाजी निवडता निवडता म्हणाली, "दवाखान्याची तारीख घ्या."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कायची?"

"गुडघ्याईची. यंदा आंबिया नाई, म्हणजे मिरगापर्यंत हात रिकामे. तवर उठून चालाले लागते का नाई मी?"

मी लगेच उठलो आणि फोन लावला, तिचं मन बदलायच्या आत. फेब्रुवारीत दोन्ही गुडघे झाले. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी बाकावर बसलो होतो आणि आयुष्यात प्रथमच मला शक्यता या शब्दाचा राग आला. वर्गात मी तो किती सहज वापरतो. अवस्थेचा आकडा घ्या, वर्ग करा, शक्यता मिळते. डॉक्टरनंही जाताना शक्यताच सांगितल्या होत्या, सगळ्या चांगल्या, तरी मला एकही नको होती. मला ती हवी होती, धडधाकट, मला टोमणे मारणारी. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "जेवले काय?" आणि मी तिच्या खाटेशेजारी बसून रडलो. नर्सला वाटलं भुकेनं.

आणि याच काळात एक चमत्कारिक गोष्ट घडायला लागली. लोक मला मान द्यायला लागले. केशवराव दवाखान्यात भेटायला आले, जय भीम घातला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सर, मले माफी करा. मी तुमाले निरा भोळे समजलो. बाईचे गुडघे व्हावे म्हणून आख्खा बहार मोडला तुमी. माह्या पोराले सांगतलं मी, शिक काही." वर्गात गेलो तर पौर्णिमानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पोरं उठून उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही किती रोमँटिक आहात." मला हा शब्द एकोणसाठाव्या वर्षी प्रथमच कोणी लावला. मी खुलासा केला नाही. कोणी विचारलंच नाही, मग कसला खुलासा, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला गोड वाटत होतं. फक्त एक भीती होती. दीपमालाचाही यावर विश्वास असेल, त्या विश्वासानंच ती ऑपरेशनला तयार झाली असेल, आणि एक दिवस ती मला सरळ विचारेल.

मे महिन्यात मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात धरायच्या दुसऱ्या बहाराचा, ताण सुरू झाला. दीपमाला मोर्शीच्या एसटीतून उतरली ती दांडीला न लटकता, फक्त हात टेकून. फाटकापासून विहिरीपर्यंत काठी घेऊन आपली आपण चालत गेली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पाय तिचे सरळ होते. मी ते पाहतच राहिलो. केशवराव बांधावरून ओरडले, "बाई, नवरा असावा तं असा!" आणि आपल्या वाटेनं गेले.

आम्ही दोघंच उरलो. मी घसा साफ केला. ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "फोटो तुमीच धाडला व्हता ना?"

"हो."

"मुद्दाम पाणी सोडलेला माणूस फोटो धाडन काय? मले तवाच समजलं. झाडाईची दया आली तुमाले."

"मग केशवरावांना कोणी..."

"मीच सांगतलं. नाईतं त्या पोट्ट्याईनं तुमाले वर्गात जगू देल्लं नसतं. पौर्णिमाले काई पोटात ठेवता येते काय?"

ती काठीनं मातीत रेघा ओढत होती.

"आन दुसरं म्हणजे," ती म्हणाली, "मले भेव वाटे ऑपरेशनचा. बहार व्हता तवर सांगाले कारण व्हतं. तुमी माहं कारणच बुडवलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "केशवरावले सांगतलं, भावनाले सांगतलं, नर्सबाईले सांगतलं. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं. बरं वाटे."

हे माझ्या काळजात गेलं. इतक्या वर्षांत तिच्यासाठी मुद्दाम म्हणून मी काय केलं, ते आठवायला लागलो. पीएच.डी. माझी, भाषणं माझी, उदाहरणही माझं. तिच्यासाठी केलेली एकच मोठी गोष्ट लोकांच्या तोंडी होती, आणि तीही तिनंच रचून मला दिली होती. मला फार वाईट वाटलं आणि तिच्याबद्दल फार माया आली, दोन्ही एकाच वेळी.

"पुढच्या खेपेला मुद्दाम काहीतरी करतो," मी म्हटलं. "खरोखर."

"नका करू बाप्पा," ती घाईनं म्हणाली. "काहीच नका करू. बसा इथं."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. समोर झाडं माना टाकून उभी होती आणि मोटरचं बटण हात लांब केला तर पोचेल इतकं जवळ होतं. मी तिचा हात धरला आणि ऊन उतरेपर्यंत काहीच केलं नाही.